बुरांशाला कूलर

९ मार्च

आज सकाळी मी आईच्या खाटेपुढचा कूलर उचलला आणि अंगणात झाडापुढं नेऊन लावला. आई तेव्हा तुळशीला पाणी घालायला परसात गेली होती. ती परत येऊन खाटेवर बसली. कूलरचा आवाज येतोय पण वारा येत नाही, म्हणून थोडा वेळ हात पुढं करून चाचपत राहिली. मग उघड्या दारातून तिला सगळं दिसलं.

"गहिन्या," ती म्हणाली, "माय घामानं भिजायली आन् झाडाला वारा? मी मेल्यावर माझी राख तरी त्या झाडाखाली टाक, म्हंजी मला हवा लागंल."

मी समजावलं की हे झाड थंड मुलखातलं आहे, आणि यंदा ऊन होळीच्या आधीच तापलंय.

"मंग थंड मुलखातच कावून ठिवलं न्हाईस?"

मी आईची खाट उचलून कूलरपुढं, झाडाशेजारी नेऊन टाकली. आता दोघांनाही वारा लागतो.

हे झाड बुरांशाचं. माझी मुलगी सायली लातूरला शेतकी कॉलेजात शिकते, तिच्या पुस्तकात त्याला ऱ्होडोडेंड्रॉन म्हणतात. गावात दोन्ही नावं कुणी घेत नाही. गावात ते केदारनाथाच्या प्रसादाचं झाड आहे, आणि तीच माझी अडचण आहे.

कीर्तनात महाराज म्हणाले होते, रोज वहीत थोडं लिहावं, आणि जे देवाला माहीतच आहे ते तरी वहीत खरं लिहावं. म्हणून लिहितो. दसऱ्यानंतर आमच्या भजनी मंडळाची गाडी केदारनाथला गेली. एका घरातून एकच माणूस, असं मंडळाच्या तात्याबानं ठरवलं होतं. माझी बायको वनमाला म्हणाली, "जावा तुमी. मायजवळ कुणीतरी लागंल." मी गेलो. परत येताना उखीमठाच्या खाली रस्त्याकडेला एक रोपवाटिका होती. तिथल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर अख्खा डोंगर लाल फुलांनी भरला होता आणि मागं बर्फ होता. ते बघताना मला वनमालेची आठवण झाली, आणि आपण एकट्यानंच सगळं बघून चाललो ह्याची लाज वाटली. मी एक कलमी रोप विकत घेतलं. शेंड्याला एक टपोरी कळी होती. रोपवाटिकेची बाई म्हणाली, चैत्रात फुलेल.

गाडीत कुंडीला जागा नव्हती. तात्याबा म्हणाला, "हे कसलं झुडूप आणलंस बे? उतरव खाली." मी घाबरलो. तोंडातून गेलं, "केदारनाथाच्या पुजाऱ्यानं प्रसाद म्हणून दिलंय." तात्याबानं लगेच पाय आखडून घेतले. पुढं गाव येईपर्यंत सगळ्यांनी आळीपाळीनं कुंडी मांडीवर घेतली. पण माझ्या आधी माझी थाप गावात पोचली होती. वेशीवर हलगी वाजत होती.

मी देवाच्या नावावर खोटं बोललो. त्याआधी खोटं बोललो होतो ते चौथीत, पोटदुखीचं.

१० मार्च

वनमालेलाही झाडाची माझ्याइतकीच काळजी आहे. आज कांदा चिरता चिरता विचारत होती, "तिकडं सकाळच्याला किती गार असतंय? एक स्वेटर पुरतंय का दोन लागत्यात?"

मी म्हणालो, झाडाला स्वेटर लागत नाही, पानंच जाड असतात. ती पुन्हा कांदा चिरायला लागली. तिला एवढं बारीक सांगितल्यावर समाधान वाटलं असावं.

पानं मात्र पिवळी पडली आहेत. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. सायलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, त्या झाडाला आंबट माती लागते. आपली काळी माती चुनखडीची, तिचा सामू जास्त. आणि बोअरचं पाणी तर नुसतं क्षार. तुम्ही त्याला रोज विष पाजताय."

आई खाटेवरून ऐकत होती. "आंबट पायजे? मंग ताक घाल की."

तांब्याभर ताक घातलं. तात्याबाचं कुत्रं तासभर आळ्यात तोंड घालून बसलं होतं.

१३ मार्च

होळी. शेजारच्या चतुराबाई पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन आल्या. होळीला दाखवला आणि उरलेला सरळ आमच्या झाडाला.

"भाऊ, तुमाला सांगते, लई जागृत झाड हाय. सोमवारी मी हात जोडले आन् दुपारी माझी हरवलेली शेळी आपल्या पायानं घरी आली."

चतुराबाईंची शेळी रोज दुपारी आपल्या पायानंच घरी येते. मी म्हणणार होतो, पण त्यांनी डोळे मिटले होते.

पाठोपाठ सात-आठ बाया आल्या. हळद, कुंकू, एकीनं नारळ फोडून पाणी मुळाशी ओतलं. संध्याकाळी चतुराबाईंनी होळीची सुपभर राख आणून बुंध्याशी पसरली. होळीची राख अंगाला लावली की इडा पीडा जाते, मग झाडाची का जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं. सायलीनं राखेचं नाव काढलं नव्हतं, म्हणून मी काही बोललो नाही.

१४ मार्च

सकाळी उठून बघतो तर आळ्यात राखेचा कणही नाही. वनमाला म्हणाली, वाऱ्यानं गेली. नारळाच्या पाण्यानं भिजलेली माती पण वाऱ्यानं गेली असावी, कारण तिथं वेगळीच माती होती. यंदा वाऱ्याचं काही खरं नाही.

१९ मार्च

हरभरा निघाला. दाणा बारीक आहे पण आहे.

घरात एक काळजीची गोष्ट. वनमालेनं गावातल्या फिल्टरच्या पाण्याचा जार सुरू केलाय. पोटाला बोअरचं पाणी सोसत नाही म्हणते. जार तीन दिवसांत संपतो. मी तिला त्या जारातलं पाणी पिताना एकदाही बघितलं नाही, म्हणजे चोरून पीत असणार. एवढी तहान चांगली नाही. साखरेची तपासणी करावी म्हणालो तर हसायला लागली.

शिवाय ती पहाटे उठून फिरायला जाते. गावामागच्या टेकडीवर महादेवाचं देऊळ आहे, तिथवर चढून परत. गुडघ्यासाठी चांगलं असतं म्हणते. पायात माझे यात्रेचे बूट घालते, पुढं चिंध्या कोंबून.

दुपारी शेतातून आलो तर परसात फोनवर हिंदीत बोलत होती. "हां दीदी. नहीं दीदी, पीला है, लेकिन कली अच्छी है." सिमकार्डच्या कंपनीवाल्या बाया हल्ली कुणालाही धरून बोलत बसतात. पण वनमालेनंही कापसाच्या कळीपर्यंत कशाला सांगावं? आम्ही यंदा कापूस लावलेलाच नाही. मी फोन घ्यायला हात पुढं केला तर तिनं ठेवून दिला.

२४ मार्च

आनंदाचा दिवस! कळीच्या टोकाला लाल रेघ दिसली. आईला, वनमालेला, चतुराबाईंना बोलावून दाखवली. आईला दिसत नव्हती, तरी ती म्हणाली दिसली.

पानांचा पिवळेपणाही थांबल्यासारखा वाटतो. ताकाचा गुण आला. झाडाखाली सुरूच्या वाळलेल्या काड्यांचा चांगला वीतभर थर साचलाय, त्यानं ओल टिकते. सुरूची झाडं आमच्याकडं फक्त शाळेच्या पटांगणात, पाऊण किलोमीटरवर. इतका पाला बरोबर आमच्याच आळ्यात, आणि शेजारी चतुराबाईंच्या अंगणात एक काडी नाही! कधी कधी वाटतं की खोटं बोलून का होईना, देवाची थोडी कृपा ह्या झाडावर असावी.

वनमाला कळीकडं खूप वेळ बघत होती. मी म्हणालो, "बघ, तुला म्हणालो होतो ना, तिथलं फूल तुला दारात दाखवीन."

ती म्हणाली, "हां. दारात." आणि आत गेली. तिला भरून आलं असावं.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली आणि आम्ही तिघं केजला मामेभावाकडं जेवायला गेलो. तिथं जायला नको होतं.

परत आलो तर अंगणात सगळं भजनी मंडळ. मधे तात्याबा, बाह्या वर सरसावलेल्या, हातात ब्रश. झाडाभोवती विटांचा पार बांधला होता. पार पांढरा शुभ्र. आणि झाडाचं खोड, जे माझ्या मनगटाएवढंही जाड नाही, ते खाली गेरू आणि वर चुना असं रंगवून टाकलं होतं. खोड दोन हात मारताच संपलं. चुन्याची अर्धी बादली उरली.

"उरलेला काय केला?" मी विचारलं.

"वाया कशाला घालायचा?" तात्याबा म्हणाला. "बुंध्यात ओतला. मुंग्या लागत न्हाईत."

आमच्या बापजाद्यांनी वड रंगवले, पिंपळ रंगवले, कुणालाही काही झालं नाही. तात्याबाचा तरी काय दोष? देवाच्या झाडाला गेरू-चुना लावायचा असतो हे लहान पोरालाही कळतं.

वनमाला नव्या लुगड्यात होती. तिनं पदर खोचला, पारात उतरली आणि दोन्ही हातांनी माती उपसायला लागली.

"आवो वहिनी, काय करायलाव?" तात्याबा ओरडला. "देवाचं झाड हाय!"

"देवाचं हाय तर देवाला इचारलं व्हतं का?" ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. "सांगा की ह्यांना."

मी म्हणालो, "तात्याबा, पार मात्र सरळ आलाय."

३ एप्रिल

कळीची लाल रेघ तपकिरी झाली. पानं खाली वळून विडीसारखी गुंडाळली. कूलर दिवसभर चालू आहे. सायली म्हणाली, "बाबा, मूळ अजून जिवंत असेल. पण लोकांचं हळद-कुंकू, नारळाचं पाणी, चुना बंद झालं नाही तर महिना काढणार नाही."

बंद कसं करणार? देवाचा प्रसाद आहे तोवर लोक पूजा करणारच. म्हणजे हे झाड माझ्या थापेनं मरतंय. मी ठरवलंय, रामनवमीला देवळात सगळ्यांसमोर खरं सांगायचं.

६ एप्रिल

रामनवमी. सांगायला उभा राहिलो. तात्याबाला वाटलं मी अभंग म्हणणार, त्यानं टाळ धरला. मी अभंग म्हटला.

९ एप्रिल

मारुतीच्या देवळात दुपारी कुणी नसतं. तिथं जाऊन सराव केला. "मंडळी, हे झाड प्रसाद नाही." पहिल्यांदा आवाज निघाला नाही. तिसऱ्यांदा नीट म्हणालो. मागं वळलो तर दारात चतुराबाई हात जोडून उभ्या. म्हणाल्या, "भाऊ, देवाशी बोलायलाव? बोला, बोला. मी कुनाला सांगत न्हाई."

आता गावभर झालंय की मारुती माझ्याशी बोलतो.

१२ एप्रिल

हनुमान जयंती. सकाळी जन्माचं कीर्तन झालं, सुंठवडा वाटला, आणि लोक उठायच्या आत मी उभा राहिलो. तात्याबानं टाळाला हात घातला तेव्हा मी त्याचा हात धरला.

"मंडळी," मी म्हणालो, "माझ्या अंगणातलं झाड प्रसादाचं न्हाई. मी खोटं बोललो. ते मी एका रोपवाटिकेत एका बाईकडून इकत घेतलं. कुन्या पुजाऱ्यानं दिलं न्हाई. त्याला चुना लावू नका, नारळ फोडू नका. मला माफ करा."

मग तात्याबा उठला आणि त्यानं मला मिठी मारली.

"बघितलं का मानूस?" तो सगळ्यांना म्हणाला. "एवढा मोठा प्रसाद मिळाला, पर म्हणतो मी खोटा! ह्याला म्हणत्यात नम्रपणा."

"आरं पर मी खरंच इकत घेतलं!"

"आन् ती बाई कोन व्हती? साधी बाई हिमालयात रस्त्याच्या कडंला झाडं घिऊन कशाला बसंल बे?"

"तिचा धंदाच हाय त्यो!"

"पार्वतीचंबी माहेर तिथंच हाय," चतुराबाई म्हणाल्या, आणि देवळात हुंकार उठला.

दुपारी अंगणात नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी. एकोणीस नारळ फुटले. मी दारात बसून होतो. जन्मभर खरं बोलायची सवय असलेल्या माणसाचं एकदाच बोललेलं खोटं लोक सोडत नाहीत.

१३ एप्रिल

सकाळी चहा देताना वनमाला म्हणाली, "सांगितलंत एकदाचं."

मी म्हणालो, "तुलाही काल नव्यानंच कळलं असेल. माझ्यावर रागावू नको."

तिनं देव्हाऱ्यातल्या पोथीतून एक प्लास्टिकची पट्टी काढून माझ्यापुढं ठेवली. त्यावर हिंदीत रोपवाटिकेचं नाव होतं, खाली फोन नंबर. कुंडीला बांधलेली होती म्हणे. मी गाडीतून उतरलो त्याच दिवशी तिनं दातानं तोडून काढली, लोकांच्या नजरेला पडायच्या आत.

"म्हणजे सहा महिने तुला माहीत होतं?"

"तुमी कदी सांगताव ते बगत व्हते."

मग बाकीचंही बाहेर आलं. फोनवरची दीदी म्हणजे ती रोपवाटिकेची बाई, सुरेशी देवी तिचं नाव. कार्तिकापासून दोघींचं आठवड्यातून दोनदा बोलणं होतं. फिल्टरचं पाणी झाडाला, सुरूच्या काड्या झाडाला. राख तिनंच उचलली, माती तिनंच बदलली.

"आणि माझं ताक?"

"त्ये कुत्र्यानं पिलं म्हणून झाड वाचलं."

सुरेशी देवीचं म्हणणं असं की आता उन्हाळा ह्या झाडाला झेपणार नाही, कूलर लावा नाहीतर अंगाई म्हणा. ते परत डोंगरात आणून द्या, त्या सांभाळतील. "लई बोलावत्यात," वनमाला म्हणाली. "म्हणत्यात, आजूबी वरच्या अंगाला लाल फुलं हायेत, वैशाखापर्यंत ऱ्हात्यात. घरी ऱ्हायाला या."

मी विचार केला, सुरेशी देवी किती भल्या! एका रोपासाठी कोण इतकं करतं.

१८ एप्रिल

देवानं वाट दाखवली. तात्याबाची गाडी ह्या २८ तारखेला पुन्हा केदारनाथला निघते, हिवाळ्यात मिटलेले देवळाचे दरवाजे उघडायच्या वेळेला. नियम तोच, एका घरातून एक. मी लगेच वहीत नाव लिहून आलो. झाड मी स्वतः नेऊन पोचवणार. मी केलेलं मीच निस्तरणार.

घरी येऊन सांगितलं. वनमाला म्हणाली, "बरं." 

खरं लिहायचं तर मला मनातून फार आनंद झाला. गेल्या खेपेला मी डोंगर बघितला तो हिरवा-करडा, लाल फक्त कॅलेंडरवर. ते फूल मी स्वतः अजून बघितलेलं नाही. ह्या वेळी बघीन.

अडचण एकच होती, देवाचं झाड परत न्यायला लोक तयार होईनात. सगळे पाराभोवती जमले. तात्याबा म्हणाला, "प्रसाद परत करत्यात व्हय? असं कदी ऐकलंय?"

मी बोलायला गेलो तर कुणी ऐकेना. माझ्या बोलण्याला आता देवळात जेवढी किंमत तेवढीच. मग वनमाला घरातून बाहेर आली.

"चतुराबाई," ती म्हणाली, "तुमची सून मागल्या साली आजारी पडली तवा कुटं नेली व्हती?"

"कुटं म्हंजी? माहेराला."

"मंग हेबी माहेराला चाललंय. बरं वाटंस्तोवर."

तात्याबानं डोकं खाजवलं. चतुराबाई म्हणाल्या, "मंग वटी भरूनच लावावी लागंल." आणि विषय मिटला. मी सहा महिने जे सांगू शकलो नाही ते तिनं दोन वाक्यांत मिटवलं, आणि तेही खोटं न बोलता.

२१ एप्रिल

वनमालेनं टेकडीवर जाणं बंद केलंय. गुडघे बरे झाले असतील. फोनही करत नाही.

२३ एप्रिल

आज आईनं माझ्या डोळ्यांत अंजन घातलं. लिहायला लाज वाटते.

झाड जमिनीतून काढून कुंडीत घेत होतो. आई खाटेवरून म्हणाली, "ती सहा महिने टेकडी कावून चढत व्हती?"

"गुडघ्यासाठी."

"आरं गाढवा, गुडघा दुखणारं मानूस बसून ऱ्हातंय. टेकडी चढतंय व्हय?"

मी मुळावरचा चुना धूत होतो. हात थांबले. माझे बूट, चिंध्या कोंबून. एक स्वेटर का दोन. दीदीचं बोलावणं. 'हां. दारात.' सगळं एका पाठोपाठ एक आठवत गेलं, आणि प्रत्येक वेळी मी काय उत्तर दिलं होतं तेही आठवलं. झाडाला स्वेटर लागत नाही, असं मी तिला सांगितलं होतं.

मी तिच्यासाठी डोंगर उचलून आणायला निघालो होतो. तिला तिथं जायचंय का, हे एवढं विचारायचं राहून गेलं.

"माय, तू आधी सांगायचं की."

"मला वाटलं तुला दिसतंय. कळीवरची रेघ दिसती तुला."

२५ एप्रिल

दोन दिवस झाले, ठरत नाही. एका घरातून एक. ती गेली तर आईला सांभाळायला मी, आणि मी गेलो तर ती. सरळ हिशेब आहे, पण मन आडवं जातं. काल मनात आलं, झाड जड आहे, बाईमाणसाला झेपायचं नाही. मग आठवलं की पाडव्याला चुन्याची माती तिनंच उपसली. आज मनात आलं, तिला हिंदी कुठं येतं? मग तेही आठवलं.

शेवटी मारुतीपुढं जाऊन बसलो. मारुती काही बोलला नाही. गावात काही का म्हणेनात. पण तिथं बसल्यावर एक कळलं की मी जी कारणं शोधतोय ती झाडासाठी नाहीत. मला तो लाल डोंगर बघायचाय. आणि तिलाही बघायचाय, फक्त ती मागच्या खेपेला थांबली आणि मी गेलो.

२७ एप्रिल

आज सांगितलं. ती भांडी घासत होती. मी म्हणालो, "उद्या गाडीत तू जा."

ती घासत राहिली. "आन् माय?"

"मी हाय."

"भाकरी?"

"शिकीन."

"तुमाला फुलं बघायची व्हती ना?"

"व्हती," मी म्हणालो. आता आणखी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय. "पर तू जा. कपडे भरून घे, पहाटं निघायचंय."

तिनं हात पुसले, कोठीत गेली आणि भरलेली पिशवी आणून दारात ठेवली. दोन स्वेटर, कानटोपी, सुरेशी देवीसाठी शेंगदाण्याची चटणी.

"कधी भरलीस?"

"मागल्या म्हैन्यात," ती म्हणाली. "रिकामी करायचा कंटाळा आलता."

२८ एप्रिल

पहाटे अंगणात बाया जमल्या. कुंडी पाटावर ठेवली. चतुराबाईंनी झाडाला हळद-कुंकवाचं बोट लावायला हात पुढं केला, वनमालेनं मनगट धरलं, तेव्हा त्यांनी कुंडीला लावलं. खण, तांदूळ, सुपारी असं सगळं एका फडक्यात बांधून फांदीला अडकवलं. दोघी म्हाताऱ्या रडल्या. झाडाला एकूण नऊ पानं आहेत. कळी गेली. पण शेंड्याजवळ एक हिरवा कोंब फुटलाय, तो मी कुणाला दाखवला नाही, नाहीतर पुन्हा नारळ फुटले असते.

वेशीवर गाडी उभी होती. तात्याबा वही उघडून नावं घेत होता. "गहिनीनाथ!"

"ते नाव खोड," मी म्हणालो. "वनमाला लिही."

"बे, ऐनवेळी?"

"नियम एका घरातून एक हाय ना? ही एक."

तात्याबा पेन शोधायला लागला. मी त्याच्या हातून वही घेतली, खिशातल्या पेननं माझं नाव खोडलं आणि तिचं लिहिलं. तिचं पूर्ण नाव मी कागदावर कधी लिहिलं होतं ते आठवेना. सायलीच्या शाळेच्या दाखल्यावर असेल.

ती खिडकीशी बसली, कुंडी मांडीवर. मी खिडकीला हात लावून उभा राहिलो. काहीतरी बोलावं असं वाटलं. म्हणालो, "चढताना दम लागला तर बस मधे."

"टेकडीवर कदीच बसले न्हाई मी," ती म्हणाली.

तात्याबानं पुढच्या खिडकीतून डोकं काढलं. "गहिनीनाथ, तू एकटा घरी करणार काय बे?"

"मायला भाकरी करून घालीन."

"तुला येती?"

"न्हाई."

अख्खी गाडी हसली. वनमाला पदर तोंडाला लावून सगळ्यांत जास्त हसत होती. तिला इतकं हसताना मी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. गाडी नांदूरघाटच्या रस्त्याला लागली आणि बाभळींच्या मागं दिसेनाशी झाली.

घरी आलो. हातपाय धुतले, देवाला दिवा लावला, काठवटीत पीठ घेतलं. पहिली भाकरी फाटली, दुसरी करपली, तिसरी आईला वाढली.